बिनविषाचं घर

काका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते थेट बाथरूममध्ये. कोथरूडच्या त्या इमारतीत आम्हाला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती. बेल वाजली, दार उघडलं, तर समोर अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले एक वयस्कर गृहस्थ, हातात कापडी पिशवी. "मी वरच्या मजल्यावर राहतो. बाथरूम कुठे आहे आपलं?" मला वाटलं, म्हातारा माणूस, जिना चढताना अडचण झाली असेल. मी बोट दाखवलं. ते आत गेले, दार न लावता खाली वाकले आणि कोपऱ्यातल्या बाटल्या एकेक उचलून, डोळ्यांजवळ नेऊन वाचायला लागले. पाच मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "तीन विषं आहेत. त्यातलं एक तर सापालाही झेपायचं नाही. कात्रजच्या सर्पोद्यानात जाऊन विचारून या हवं तर."

मग पिशवीतून तपकिरी पाण्याची एक बाटली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली, माझ्या टोपलीतल्या मोसंब्यांकडे बघत म्हणाले, "साली फेकू नका. मी घेऊन जाईन," आणि गेले. नाव सांगितलं नाही, माझं विचारलं नाही.

इमारतीत सगळे त्यांना मागून बाटलीकाका म्हणत. नव्या माणसाला त्यातून भलताच अर्थ लागायचा, आणि इमारत तो खुशाल लागू द्यायची.

त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नव्हती. जमिनीपासून कठड्यापर्यंत प्लास्टिकच्या बाटल्या, आणि प्रत्येकीत साली, थोडा गूळ आणि पाणी. तीन महिने ठेवलं की ते आंबतं, मग गाळून त्या पाण्यानं फरशी, ओटा, बेसिन, संडास, सगळं पुसायचं. याला ते 'आंबवणी' म्हणत. त्यांच्याकडे दुसरेही प्रकार असत. भांड्यांना रिठ्याचं पाणी, पितळेला चिंचेचा कोळ, नळावरच्या पांढऱ्या डागांना लिंबाची फोड आणि मीठ. पण जीव आंबवणीवर. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर सुवाच्य अक्षरात तारीख, फळ आणि साली कुणाकडच्या ते. माणसाचं नाव नाही, नुसता मजला. "मोसंबी, दुसरा मजला" म्हणजे मी.

पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून आतली हवा सोडावी लागते, नाहीतर बाटली फुगते आणि फुटते. म्हणून दुपारी बरोब्बर चार वाजता काका स्टुलावर बसून एकेक झाकण उघडत आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या काकू प्रत्येक बाटलीचा वास घेऊन निकाल देत. "ही चांगली." "हीपण चांगली." एखादी बिघडलेली असली, कुजका वास आला, की काकू नुसती मान हलवत आणि काका ती बाटली निमूटपणे बाजूला काढत. काका स्वतः वास घेताना मला कधी दिसले नाहीत. मला वाटायचं, बायकोची करमणूक म्हणून करत असतील.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "फेस म्हणजे स्वच्छता नव्हे." "घाई आहे? मग जा बाजारात." आणि सगळ्यांत लाडकं, "ज्या बाटलीला नाक लावता येत नाही, ती घरात आणू नये." हे वाक्य त्यांनी दूधवाल्याला, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला आणि मत मागायला आलेल्या एका उमेदवारालाही ऐकवलं होतं. उमेदवारानं हात जोडून "नक्की बघतो" म्हटलं, तर काका म्हणाले, "बघू नका. हुंगा."

एकदा सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला, की इमारतीचा जिना फिनेलनं न पुसता आंबवणीनं पुसावा. नमुना म्हणून महिनाभर आधी एक बाटली सेक्रेटरींकडे दिली होती. सेक्रेटरींनी ती घट्ट झाकण लावून कार्यालयाच्या कपाटात कागदपत्रांवर ठेवून दिली आणि विसरून गेले. सभेच्या दिवशी कपाट उघडलं, तर बाटली केव्हाच फुटलेली. सेक्रेटरी उभे राहिले आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता म्हणाले, "मागील सभेचं इतिवृत्त वाचता येणार नाही. ते आंबलं आहे." सभा पाच मिनिटं हसत होती. काका हसले नाहीत. ठराव मताला टाका म्हणाले. त्यांच्या बाजूनं दोन हात वर झाले, एक त्यांचा आणि एक माझा. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते, म्हणून केला. हात वर करायला काय जातं?

माझं असं सगळं हात वर करण्यापुरतंच होतं. त्यांनी दिलेली पहिली बाटली मी आमच्या कामवाल्या बाईंना दिली. त्यांनी एक दिवस फरशी पुसली आणि बादली आपटून म्हणाल्या, "वहिनी, ह्येला फेस न्हाय, वास न्हाय. मग निघंल कसं? मला आनि चार घरं हायत." खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. लहानपणापासून आमच्या घरी स्वच्छ म्हणजे नाकाला झोंबेल तेच. पंधरा दिवस बाटली तशीच पडून राहिली. मग मी ती बेसिनमध्ये ओतली, विसळली आणि वर नेऊन दिली. "संपली, काका." त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला पुढची बाटली नाकारता येईना. तीही ओतली. मग दर महिन्याला एक. साली मात्र मी खरोखर जपून ठेवायची. मोसंबी सोलली की साली डब्यात, डबा वर. तेवढ्यावर माझं मन मी समजावत असे.

बाकीच्या घरांनी दारातच सांगितलं होतं, "आम्हाला नको. पुन्हा आणूही नका." तोंडावर, स्वच्छ. त्या नकारांनी कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते माझ्या होकारानं.

काकूंना दम लागायचा. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की त्या कठड्याला धरून उभ्या राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हातानंच 'जा पुढे' म्हणत. जिना फिनेलनं पुसला असला तर त्या दिवशी घराबाहेर पडतच नसत. एका दुपारी काका रिठे आणायला मंडईत गेले होते, तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "हे तीस वर्षं फिनेल आणि संडास साफ करायच्या औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होते, ठाऊक आहे का तुम्हाला? गुलाबी फिनेलला मोगऱ्याचा वास यांनीच आणला. दर महिन्याला चार बाटल्या घरी फुकट मिळायच्या. मला काय, मोकळं रानच. आमच्या जुन्या जागेत बाथरूमला खिडकी नव्हती. दार लावून घासत बसायची मी तासन्‌तास." मग थोडं थांबून, श्वास गोळा करून म्हणाल्या, "हे घरी आले की यांच्या शर्टाला तोच वास यायचा. मला आवडायचा हो तो."

काकूंच्या छातीचं जे झालं त्याचं कारण एकच असं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. काकांना ते सभ्यपणे सांगितलेलं खोटं वाटलं. निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला. मला ते एकदाच, आणि तेही जिन्यात, बोलले. "अहो, मी माझ्या हातानं आणून दिलं तिला. दर महिन्याला चार. आणि ती म्हणायची, छान आहे, अजून आणा." आणि ते वर गेले. तेव्हा मला कळलं की या माणसाला जगाचं भलं वगैरे काही करायचं नाही. जिन्यात, शेजारी, इमारतीत कुठेही गेलं तरी आपल्या बायकोला श्वास घेता यावा, एवढंच त्याला हवं आहे. हे कळल्यावर तरी मी बाटली ओतायचं थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. आता इतक्या महिन्यांनी कुठे सांगायचं, असं वाटायचं.

एकदा काका साली न्यायला आले होते, तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून गॅलरीत कपडे काढायला गेले. परत आले, तर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, घरभर करपट वास, आणि काका ओट्यापासून दोन हातांवर बसून शांतपणे चिठ्ठीवर तारीख लिहीत होते. मी ओरडले तेव्हा त्यांनी मान वर केली. "अरे, दूध होतं होय?" मी घरी सगळ्यांना ही गोष्ट सांगून हसवलं. म्हटलं, आंबवणीपुढे माणसाला दुसरं काही सुचत नाही. माझ्या डोक्यात दुसरी शंकाच आली नाही.

वर्षभरानं ते पुन्हा आमचं बाथरूम बघायला आले. फरशांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. सांधे पांढरेशुभ्र होते. दर शनिवारी बाई ॲसिडनं घासत. ॲसिडची बाटली असायची माळ्यावर, पत्र्याच्या डब्यामागे, आणि त्यांची बाटली खिडकीत, दिसेल अशी. काका बराच वेळ ते सांधे बघत राहिले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा," म्हणाले, "नुसत्या सालींनी. मी कारखान्यात तीस वर्षं सांगत होतो की हे होणार नाही." मी त्यांना चहा विचारला.

आणि मग पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या बाथरूमची गळती निघाली. फरशी उखडणं, सिमेंट, गळती बंद करायचं ते उग्र औषध, दोन दिवसांचं काम. आदल्या संध्याकाळी काका खाली आले. नेहमी उभ्याउभ्या बोलणारा माणूस, त्या दिवशी बसला. "दोन दिवस हिला दिवसभर तुमच्याकडे बसवू का? दुसरीकडे कुठे नेणार? इमारतीत बिनविषाची दोनच घरं आहेत. एक माझं, आणि ते आता फोडायला घेतलंय."

मी म्हटलं, "अहो, विचारता काय? या की."

इथे मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. सांगता येतं म्हणजे, अगदी साधं आहे. आमच्याकडे पाहुणा यायचा असला की आधी बाथरूम घासतात. आजारी माणूस यायचा असला तर दुप्पट. काकू म्हणजे स्वच्छतेच्या पक्क्या, त्यांना एक डाग दिसायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. बाईंना मी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बोलावलं. ॲसिड ओतून सगळं घासून घेतलं, वरून फिनेल टाकलं, तेही नेहमीपेक्षा जास्त. मग दोन्ही बाटल्या माळ्यावर चढवल्या, काकांची बाटली पुसून खिडकीत मधोमध ठेवली, आणि ती लख्ख फरशी बघून मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. विष दिसलं नाही म्हणजे ते नाही, असाच जणू माझा समज होता.

दहा वाजता काका काकूंना हाताला धरून घेऊन आले. औषधाचा पंप, उशी, एक मासिक. त्यांना खुर्चीत नीट बसवलं, खोल श्वास घेऊन दाखवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बघ, किती मोकळं आहे इथे." काकूंनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, क्षणभर. मग म्हणाल्या, "हो. तुम्ही जा, गवंडी आला असेल."

तासाभरानं त्या बाथरूममध्ये गेल्या. कडी लावली. आधी खोकला ऐकू आला, मग खोकला थांबला आणि दुसराच आवाज यायला लागला, आत ओढला जाणारा, बाहेर न येणारा. मी दार बडवायला लागले. कडी त्यांनीच काढली, कशी काढली कोण जाणे, आणि माझ्या अंगावर कोसळल्या. त्यांना पलंगावर बसवलं, पंप दिला, एकदा, दोनदा. ओठ निळसर पडले होते. मी काकांना हाक मारायला धावले तर त्यांनी माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरलं. जरा श्वास आला तशी एकेक शब्द मोजून म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. त्यांना वास येत नाही. कारखान्यानं नाक नेलंय त्यांचं. कळणार नाही त्यांना."

"काकू, मी..."

"मला दारातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आत्ता नाही. पहिल्यांदा तुमच्याकडे हळदीकुंकवाला आले होते ना, तेव्हाच." मग पुन्हा पंप. मग, "एक तरी घर आहे म्हणतात हो ते."

मी काकांना बोलावलं. ते सिमेंटच्या हातांनी धावत आले. काकूच आधी बोलल्या, "आपल्याकडची धूळ छातीत बसली होती." काका डोकं धरून खाली बसले. "काल संध्याकाळीच आणायला हवी होती," म्हणत राहिले. "माझंच चुकलं. माझंच." मी शेजारी उभी होते. माझ्या हातांना अजून फिनेलचा वास येत होता.

काकू आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. घरी आल्या त्या नाकात नळी घालूनच, आणि एप्रिल लागायच्या आत गेल्या. मी डॉक्टरांना, ओळख काढून, एकटीनं जाऊन विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आजार जुना होता. कारण एकच असं सांगता येणार नाही." हेच वाक्य काकांनी कधी मान्य केलं नव्हतं. मी मात्र ते घट्ट धरून घरी आले. पण जिना चढेपर्यंतच ते टिकलं.

त्या दिवशीच्या दोन्ही बाटल्या मी टाकून दिल्या होत्या. काकू गेल्यावर खऱ्याखऱ्या आंबवणीनं घर पुसायला लागले. फरशी चांगली निघते. हे सांगायलाही लाज वाटते, पण खरंच चांगली निघते. दोन वर्षं ओतून दिली आणि शेवटी कळलं ते हे.

काका तेराव्यापर्यंत लोकांत होते. त्यांचा भाचा खराडीहून आला, राहिला आणि नोकरीवर परत गेला. त्यानंतर त्यांचं दार उघडेना. एप्रिलचं ऊन गॅलरीत दुपारभर तापायचं, झाकणं उघडायला कुणी नव्हतं, आणि बाटल्या फुटायला लागल्या. आधी दिवसाआड एक, मग रोज. दुपारच्या शांततेत वरून फट्ट असा आवाज यायचा आणि आमच्या कठड्यावरून तपकिरी पाणी गळायचं. आठवडाभरानं सेक्रेटरी माझ्याकडे आले. या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तुमचं जमतं त्यांच्याशी. जरा बघता का?"

मी चार वाजता वर गेले. काकांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. गॅलरीत काकवीसारखा चिकट थर पडला होता. मी स्टुलावर बसले आणि पहिलं झाकण सैल केलं. सूंऽ करून हवा सुटली. काकूंची खुर्ची शेजारी रिकामी होती. काका तिच्यात बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नसेल."

"नाही," मी म्हणाले.

"ती सांगायची. आता कुठली चांगली, कुठली गेली, कळायला मार्ग नाही. म्हणून सोडून दिलं."

मी पाच-सहा झाकणं उघडली. मग हात थांबवला. "काका, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्या दिवसाचं."

"नका सांगू." त्यांनी हात वर केला. "मला माहीत आहे. तुमच्या घरात तिला त्रास झाला म्हणून तुम्ही मनाला लावून घेतलंय. अहो, धूळ माझ्या घरची होती. ती शेवटच्या दिवसापर्यंत मला सांगत होती, त्यांच्या बाथरूममध्ये लिंबाचा वास होता, किती दिवसांनी बरं वाटलं म्हणून." मग बाहेर, समोरच्या इमारतीकडे बघत म्हणाले, "मी तिला काय दिलं ते तुम्ही जाणता. जन्मभर दिलं. एक तास तेवढा चांगला दिला. तो तुमच्या घरातला."

मी तेव्हा बोलले असते तर त्यांचा तो तास गेला असता. असं मी स्वतःला सांगते. खरं कारण हे की मला भीती वाटली. काकूंनी त्यांच्यासाठी खोटं सांगितलं होतं. मी माझ्यासाठी गप्प बसले, आणि ते खोटं काय, हे गप्प बसणं काय, दोन्ही त्यांना सारखंच वाटलं.

मी पुढची बाटली घेतली. चिठ्ठीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "मोसंबी, दुसरा मजला." झाकण फिरवलं. आतून कुजका वास आला, असा की डोळ्यांत पाणी आलं.

काका दारातून एक पाऊल पुढे आले. "कशी आहे?"

"ही चांगली," मी म्हणाले.